एका झोनमधून तीन झोनमध्ये: चालू यंत्रणा हलवण्याचे १६ आठवडे

"मल्टी-झोन करा" असं एका ओळीत सांगितलं जातं. काम हातात आलं की सुरुवात कुठून करायची, परवानग्या कोणाच्या, वेळ कुठे जातो आणि शेवटी ते खरंच झालं की नाही हे कसं ओळखायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. हे काम नुकतंच पूर्ण झालं. ज्यांच्या वाट्याला ते आता येणार आहे, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आधी यंत्रणेची ओळख. सुमारे ४० सर्व्हिसेस (एकमेकांशी बोलणारे छोटे प्रोग्राम), त्या मशीनवर वाटून देणारं आणि आम्ही स्वतः चालवलेलं कुबरनेटीस क्लस्टर, पॅट्रोनीच्या (मुख्य प्रत गेली की दुसरीला पुढे करणारं साधन) देखरेखीखाली पोस्टग्रेस डेटाबेस, सर्व्हिसेसमधले संदेश साठवून पोचवणारं काफ्का आणि कॅशसाठी (पटकन लागणारा डेटा हाताशी ठेवायला) रेडिस. हे सगळं एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये. झोन म्हणजे स्वतंत्र वीज, कूलिंग आणि नेटवर्क असलेलं एक डेटासेंटर किंवा जवळजवळच्या डेटासेंटर्सचा गट, आणि अशा काही झोनचा मिळून एक रीजन. तो एक झोन गेला की सगळंच बंद, अशी स्थिती होती.

आठवडा १ आणि २: यादी आणि एक वाक्य

पहिले १० दिवस एकही मशीन हललं नाही. फक्त एक तक्ता तयार झाला. प्रत्येक सर्व्हिससमोर चार रकाने: तिचा डेटा कुठे राहतो, ती कोणाला हाक मारते, तिला कोण हाक मारतं, आणि हाकेला उत्तर आलं नाही तर ती किती सेकंद थांबते. पहिले तीन रकाने दोन दिवसांत भरले. चौथा बहुतेक ठिकाणी रिकामाच राहिला, कारण टाइमआउट कोणी ठरवलेलाच नव्हता. त्या रिकाम्या रकान्याकडे तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं. पुढे सगळ्यात मोठा घोळ तिथूनच झाला.

दुसरं काम म्हणजे उद्दिष्ट एका वाक्यात लिहून काढणं: "कुठलाही एक झोन पूर्ण गेला, तोही सर्वाधिक लोडच्या वेळी, तरी माणसाचा हात न लागता २ मिनिटांत सेवा सुरळीत व्हावी आणि कमिट झालेली, म्हणजे डेटाबेसने पक्की केल्याचं कळवलेली, एकही नोंद हरवू नये." माणसाचा हात का नको, हे साध्या हिशोबातून येतं. ३० दिवसांत ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९९ टक्के म्हणजे ४ मिनिटं १९ सेकंद. ऑन-कॉलवरचा माणूस उठून, लॉगिन करून, अलर्ट वाचेपर्यंत ही चार मिनिटं संपलेली असतात. या वाक्यावर प्रॉडक्ट आणि फायनान्स दोघांच्या प्रमुखांची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जाला हेच वाक्य जोडता येतं.

झोन दोन की तीन, यावर चर्चा फार वेळ चालली नाही. एटसीडी हा क्लस्टरची स्थिती नोंदवून ठेवणारा छोटा डेटाबेस. त्याच्यासारख्या बहुमतावर चालणाऱ्या यंत्रणेत दोन झोन असले की बहुमत नेहमी कुठल्यातरी एकाच झोनमध्ये बसतं. पाच सदस्य ३ आणि २ असे विभागले आणि तीनवाला झोन गेला, की उरलेले दोघे काहीही ठरवू शकत नाहीत. खर्चाचा हिशोबही तीनच्याच बाजूने झुकतो. दोन झोनमध्ये प्रत्येकाला एकट्याने पूर्ण भार पेलता आला पाहिजे, म्हणजे गरजेच्या दुप्पट मशीन. तीन झोनमध्ये उरलेल्या दोघांनी मिळून भार पेलायचा असतो, म्हणजे दीडपट.

आठवडा ३ ते ५: कोटा, आयपी आणि वाट पाहणं

तांत्रिक माणसांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वेळापत्रक ठरतं ते इथेच.

कोटा म्हणजे क्लाउड कंपनीकडे जास्तीत जास्त किती मशीन मागता येतील याची मर्यादा. तो वाढवायचा पहिला अर्ज अर्धवट मंजूर होऊन आला. कारणाच्या जागी "उपलब्धता वाढवण्यासाठी" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या अर्जात हिशोब मांडला: रोजचा वापर, एक झोन गेल्यावर लागणारी वाढ, स्थलांतराच्या काळात जुनी आणि नवी मशीन एकत्र चालतील त्याची वाढ, आणि डिप्लॉय (नवी आवृत्ती चढवणं) चालू असताना थोडा वेळ लागणारी जादा मशीन. तो ९ दिवसांनी पूर्ण मंजूर झाला. सीपीयूचा कोटा सगळ्यांच्या लक्षात राहतो. डिस्कची एकूण क्षमता, लोड बॅलन्सरची (विनंत्या मशीनमध्ये वाटून देणारा) संख्या आणि स्थिर आयपी यांचे कोटे वेगळे असतात आणि हमखास विसरतात. सगळे एकाच तिकिटात मागा.

कोटा म्हणजे मशीन मिळण्याची हमी नाही. कोटा ही फक्त मागण्याची परवानगी आहे. एखादा झोन कोसळतो तेव्हा त्यातले सगळेच ग्राहक एकाच वेळी शेजारच्या झोनमध्ये मशीन मागू लागतात, आणि तिथे शिल्लक नसेल तर कोटा असूनही नकार येतो. हमी हवी असेल तर क्षमता आधी राखून ठेवावी लागते, आणि ती वापरा किंवा न वापरा, पैसे द्यावेच लागतात. या एका मुद्द्यावर फायनान्सची मंजुरी यायला १२ दिवस गेले. राखीव क्षमतेचा महिन्याचा खर्च आणि एक तास बंद राहण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडल्यावरच ती मिळाली. हा तक्ता पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

आयपी पत्त्यांचा हिशोब वेगळा आणि जास्त निर्दय. आमच्या जुन्या रचनेत सबनेट (नेटवर्कमधला पत्त्यांचा एक गट) /२४ चं होतं. त्यात २५६ पत्ते असतात आणि त्यातले काही क्लाउड कंपनी स्वतःकडे ठेवते. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड) पाच जातात आणि २५१ उरतात. प्रत्येक पॉडला (सर्व्हिसची एक चालू प्रत) सबनेटमधला खरा पत्ता मिळणार असेल, तर एवढे पत्ते बघता बघता संपतात. एक झोन गेल्यावर उरलेल्या प्रत्येक झोनमध्ये दीडपट पॉड येणार, त्यात डिप्लॉय चालू असेल तर आणखी. मशीन रिकामी आणि पत्ता मात्र नाही, अशी वेळ नको असेल तर प्रत्येक झोनला /२० घ्या, म्हणजे ४,०९६ पत्ते. एकदा केलेलं सबनेट सहसा जागच्या जागी मोठं करता येत नाही, नवीन करून सगळं तिकडे न्यावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच सढळ हाताने घ्यावं.

एनएटी गेटवे, म्हणजे आतल्या मशीनना बाहेर जायचं दार, प्रत्येक झोनमध्ये वेगळा ठेवा. एकच ठेवला तर उरलेल्या दोन झोनची बाहेर जाणारी वाटही त्याच्याबरोबर बंद होते. पण तीन गेटवे म्हणजे बाहेरच्यांना दिसणारे तीन नवे पत्ते, आणि ज्या बाहेरच्या संस्थांच्या फायरवॉलमध्ये तुमचा जुना पत्ता लिहिलेला आहे त्यांना ते कळवावे लागतात. आमच्या बाबतीत सगळ्यात लांब प्रतीक्षा हीच ठरली. एकीकडून दोन दिवसांत उत्तर आलं, तर एका ठिकाणी फॉर्म, सही, त्यांची सुरक्षा-तपासणी आणि महिन्यातून एकदाच होणारा बदल, असं करत सहा आठवडे गेले. हे पत्ते पहिल्याच आठवड्यात राखून कळवून टाका. बाकीचं काम तोवर चालू राहतं.

याच टप्प्यातला एक बारकावा. काही क्लाउडवर झोनचं नाव खात्यागणिक वेगळ्या जागेकडे बोट दाखवू शकतं. आमची डेटाबेसची आणि सर्व्हिसेसची खाती वेगळी होती. दोन्हीकडे "अ" झोन निवडला, तरी पिंगचा वेळ एका झोनमधल्या मशीनना शोभणारा येईना. झोनचा आयडी पाहिल्यावर कळलं की दोन्ही "अ" वेगवेगळे होते. नावावर विसंबू नका, आयडी जुळवा.

आठवडा ६ ते ९: डेटा हलवणं

क्रम असा ठरला: आधी एटसीडी, मग पोस्टग्रेस, मग काफ्का. पॅट्रोनीचा लीडर, म्हणजे लिखाण घेणारा मुख्य डेटाबेस, कोण हे एटसीडीत ठरतं. तोच एका झोनमध्ये राहिला तर डेटाबेसच्या तीन प्रती असूनही उपयोग नाही.

एटसीडीचे तीन सदस्य एकेक करून हलवले. नवा सदस्य आधी लर्नर म्हणून जोडायचा, म्हणजे तो डेटा घेतो पण मत देत नाही. तो बरोबरीला आला की त्याला मताधिकार द्यायचा आणि मग जुना काढायचा. थेट मतदार म्हणून जोडला आणि तो सुरूच झाला नाही, तर चार सदस्यांत बहुमत तीनचं होतं आणि जुन्या तिघांपैकी एकही गेलेला चालत नाही. झोनमधल्या अंतराची भीती इथे बाळगू नका. एटसीडीचा हार्टबीट (लीडर जिवंत आहे हे सांगणारा संदेश) मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि निवडणुकीचा टाइमआउट १,००० मिलिसेकंदांचा असतो, आणि एका रीजनमधल्या झोनमध्ये जाऊन-येऊन एक-दोन मिलिसेकंद लागतात. त्रास होतो तो डिस्कचा. लॉग डिस्कवर पक्का करायला लागणारा वेळ ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत हवा. आमच्याकडे रात्री बॅकअपच्या वेळी लीडर बदलत राहिला, कारण बॅकअपची फाइल त्याच डिस्कवर लिहिली जात होती. वेगळी डिस्क दिल्यावर ते थांबलं.

पोस्टग्रेसवर तीन आठवड्यांहून जास्त गेले.

कमिट झालेली नोंद हरवायची नाही, म्हणजे कमिटचं उत्तर देण्याआधी ती दुसऱ्या झोनमध्ये पोचलेली असली पाहिजे. सिंक्रोनस स्टँडबाय (ज्याच्या होकाराशिवाय कमिट होत नाही असा जोडीदार डेटाबेस) एकच ठरवून दिला, तर तो गेल्यावर सगळी लिखाणं अडकून पडतात. म्हणून "दोनपैकी कुठल्याही एकाने होकार दिला की पुरे" असं ठेवलं. आणि एकही स्टँडबाय नसेल तर एकट्याने लिहीत राहायचं नाही, थांबायचं, असा कडक पर्याय चालू केला. दोन झोन एकाच वेळी गेले तर लिखाण थांबेल, हे मान्य करून. तुमच्या कामात थोडा डेटा गमावणं चालत असेल आणि थांबणं चालत नसेल, तर उलट निवड करा. पण ती निवड लिहून ठेवा. ऐन बिघाडात हा वाद घालायला वेळ नसतो.

कमिट मंद होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात कमिटमागे एखादाच मिलिसेकंद वाढला. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. ५० किलोमीटर अंतर असलं तर जाऊन-येऊन किमान अर्धा मिलिसेकंद, वर स्विच आणि राउटरचा वेळ. खरा फटका दुसरीकडून आला. एक यादी दाखवणारं पान आधी मुख्य नोंदी आणायचं आणि मग प्रत्येक नोंदीसाठी वेगळी क्वेरी, अशा एकामागून एक २०० क्वेरी करायचं. सर्व्हर आणि डेटाबेस शेजारी असताना ते कोणालाच जाणवलं नव्हतं. डेटाबेस पलीकडच्या झोनमध्ये जाताच प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद, म्हणजे पानामागे सरळ २०० मिलिसेकंदांची भर. स्थलांतराआधी प्रत्येक विनंतीमागे किती क्वेरी होतात हे मोजा आणि ३० च्या वरची पानं आधी दुरुस्त करा. कॅशने हे झाकलं जातं, बरं होत नाही.

मग एका सकाळी मुख्य डेटाबेसची डिस्क ९४ टक्के भरलेली आढळली. तिसऱ्या झोनमधला स्टँडबाय आदल्या रात्री बंद पडला होता आणि त्याच्यासाठी रेप्लिकेशन स्लॉट मुख्य मशीनवर लॉग साठवत बसला होता. स्लॉटचं कामच ते आहे, स्टँडबाय परत येईपर्यंत काही टाकायचं नाही. पोस्टग्रेस १३ पासून यावर मर्यादा घालता येते, पण सेटिंग मुळात अमर्याद असतं. डिस्कच्या चौथ्या हिश्शाएवढी मर्यादा घातली आणि मागे पडलेल्या स्लॉटवर अलर्ट लावला. मर्यादा ओलांडली तर तो स्टँडबाय नव्याने उभा करावा लागतो. मुख्य डेटाबेस बंद पडण्यापेक्षा ते कधीही परवडतं.

फेलओव्हर, म्हणजे गेलेल्या लीडरची जागा दुसऱ्याने घेणं, किती लवकर व्हावा, यावर बरीच ओढाताण झाली. पॅट्रोनीत लीडरच्या किल्लीची (लीडर कोण ही एटसीडीतली नोंद) मुदत मुळात ३० सेकंद असते. ती कमी करू या, असा आग्रह होता. आम्ही ३० च ठेवली. मुदत जितकी कमी, तितका नेटवर्कच्या किरकोळ झटक्याने विनाकारण लीडर बदलण्याचा धोका जास्त. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबचा दोन जागांमधला संपर्क ४३ सेकंदच तुटला होता. तेवढ्यात आपोआप लीडर दुसऱ्या किनाऱ्यावर गेला, दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी राहिल्या, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. पॅट्रोनीत किल्ली नवी करता आली नाही की जुना लीडर स्वतःहून लिखाण बंद करतो, आणि आमच्याकडे सिंक्रोनस कमिटही होतं. तरीही काही सेकंद वाचवण्यासाठी खोट्या फेलओव्हरची शक्यता वाढवणं पटलं नाही.

काफ्काचं काम तुलनेने सरळ, पण तीन ठिकाणी हमखास चुकतं. ब्रोकरला (काफ्काचा सर्व्हर) त्याचा झोन सांगणारं रॅकचं सेटिंग घातलं की नव्या टॉपिकच्या (संदेशांचा एक प्रवाह) प्रती तीन झोनमध्ये विभागल्या जातात. जुन्या टॉपिकचं काहीच हलत नाही, ते री-असाइन करून स्वतः हलवावे लागतात. हलवताना वेगाला मर्यादा घाला, पण ती येणाऱ्या डेटाच्या वेगापेक्षा जास्त हवी, नाहीतर नवी प्रत कधीच बरोबरीला येत नाही. आणि काम संपल्यावर पडताळणीची कमांड चालवा, कारण मर्यादा तीच काढते. आमच्याकडे ती चालवायची राहिली, आणि पुढच्या आठवड्यात एक ब्रोकर रीस्टार्ट केल्यावर तो तासन्‌तास मागेच राहिला.

दुसरं, प्रतींची संख्या. प्रती ३, किमान इन-सिंक (लीडरच्या बरोबरीच्या) प्रती २ आणि प्रोड्युसरला (संदेश लिहिणाऱ्याला) सगळ्यांची पोच हवी, ही तिन्ही सेटिंग एकत्रच अर्थ देतात. जुन्या टॉपिकना दोनच प्रती होत्या. त्यांच्यावर किमान २ लावलं असतं, तर एक ब्रोकर जाताच लिखाण बंद. तिसरं सगळ्यात लपलेलं: कन्झ्युमरची (संदेश वाचणाऱ्याची) प्रगती जिथे नोंदली जाते तो काफ्काचा अंतर्गत टॉपिक. क्लस्टर पहिल्यांदा उभं करताना नमुन्याचं कॉन्फिगरेशन वापरलं गेलं होतं आणि त्यात या टॉपिकची एकच प्रत असते. बाकी सगळं तीन झोनमध्ये नेऊनही एका झोनबरोबर त्याचे काही पार्टिशन गेले असते, आणि त्यांच्यावर विसंबलेले कन्झ्युमर जागीच थांबले असते. हे एकदा तपासाच.

बिलाचा हिशोबही इथेच होतो, कारण झोन ओलांडणाऱ्या डेटाचे बऱ्याच क्लाउडवर जीबीमागे पैसे पडतात, काही ठिकाणी पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. एक जीबी लिहिला की प्रोड्युसरकडून लीडरकडे जाताना सरासरी दोन-तृतीयांश जीबी झोन ओलांडतो. लीडरकडून दोन प्रतींना दोन जीबी. प्रत्येक कन्झ्युमर ग्रुपला पुन्हा दोन-तृतीयांश. पाच ग्रुप असतील तर एका जीबीमागे सहा जीबी झोनपार जातात. काफ्का २.४ पासून कन्झ्युमरला आपल्याच झोनमधल्या प्रतीकडून वाचता येतं. ते चालू केल्यावर हाच आकडा पावणेतीनच्या आसपास येतो. ब्रोकर आणि कन्झ्युमर दोन्हीकडे सेटिंग लागतं. एकाच बाजूला केलं तर काहीच बदलत नाही आणि एररही येत नाही.

आठवडा १० ते १२: सर्व्हिसेस

पॉड तीन झोनमध्ये पसरवणं सोपं वाटतं. कुबरनेटीसला नियम द्यायचा की कुठल्याही दोन झोनमध्ये एकापेक्षा जास्त फरक नको. नियम कडक ठेवला, म्हणजे "जमत नसेल तर पॉड लावूच नको" असा, तर एक झोन गेल्यावर तोच नियम उलटतो. गेलेल्या झोनचे नोड (क्लस्टरमधली मशीन) यादीत अजून असतात, त्यांच्यावर शून्य पॉड मोजले जातात, आणि फरक एकपेक्षा जास्त होईल म्हणून उरलेल्या झोनमध्येही नवे पॉड पेंडिंग राहतात. ज्या क्षणासाठी हे सगळं केलं, नेमक्या त्याच क्षणी. उपाय दोन: नियम सैल ठेवा, किंवा टेंट (इथे पॉड लावू नये अशी खूण) असलेले नोड मोजू नकोस असं त्या नियमातच सांगा. सैल नियमाचीही किंमत आहे. हा नियम फक्त पॉड लावताना पाहिला जातो, म्हणून झोन परत आल्यावर पॉड आपणहून परत पसरत नाहीत. त्यासाठी रोलिंग रीस्टार्ट करावा लागतो.

दुसरा आकडा ३०० सेकंदांचा. नोड गप्प झाल्यावर तो गेला असं ठरायला ४० ते ५० सेकंद, आणि त्यानंतर पॉड तिथून काढायला मुळात ३०० सेकंद. म्हणजे पहिली जवळजवळ सहा मिनिटं बदली पॉड येतच नाहीत. त्या काळात भार पेलणारे पॉड आधीपासून चालू असलेच पाहिजेत. ऑटोस्केलिंगवर (भार वाढला की आपोआप क्षमता वाढवणं) विसंबून दीडपट क्षमतेत काटकसर करायचा मोह होतो. तो हा आकडा पाहून सोडून द्यावा.

आठवडा १३: पहिली चाचणी

चाचणीच्या परवानगीला बदल-समितीसमोर दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत प्रश्न आला: थांबवायचं कोणी ठरवणार? उत्तर नव्हतं. दुसऱ्या अर्जात एका व्यक्तीचं पद, थांबवण्याच्या तीन अटी आणि पूर्ववत करण्याची कमांड अक्षरशः लिहून दिली. तीन सह्या, लोड कमी असतानाची एका तासाची वेळ.

झोन "घालवायचा" कसा, हे फार महत्त्वाचं आहे. मशीन शटडाउन करून पाहणं ही चाचणी नव्हे. शटडाउन होताना मशीन सगळ्यांची कनेक्शन नीट बंद करतं. खरा झोन निरोप घेऊन जात नाही, पॅकेट जातात आणि उत्तर येत नाही एवढंच होतं. म्हणून सबनेटच्या नेटवर्क एसीएलमधून (सबनेटच्या दाराशी लागणारे नियम) येणारं-जाणारं सगळं बंद केलं. सिक्युरिटी ग्रुपने (मशीनपाशी लागणारे नियम) हे नीट होत नाही. ते चालू कनेक्शन लक्षात ठेवतात आणि नियम काढल्यावरही ती चालू राहू शकतात. एसीएल काहीच लक्षात ठेवत नाही, त्यामुळे चालू कनेक्शनही तिथल्या तिथे तुटतात.

डेटाबेसचा नवा लीडर ४० सेकंदांच्या आत उभा राहिला. तरीही उरलेल्या दोन झोनमधल्या सर्व्हिसेस गोठलेल्याच. १५ मिनिटं उलटली आणि मग एकेक करून आपोआप सुटू लागल्या.

ही १५ मिनिटं लिनक्सची आहेत. पाठवलेल्या डेटाला पोच आली नाही की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो पुन्हा पाठवत राहतो, मुळात १५ वेळा, दर वेळी अंतर वाढवत. त्याला सुमारे ९२४ सेकंद लागतात, म्हणजे १५ मिनिटं २४ सेकंद. तोवर ॲपच्या दृष्टीने कनेक्शन जिवंतच असतं. कीपअलाइव्हचा (शांत कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) इथे उपयोग नाही. तो मुळात दोन तासांनी जागा होतो, आणि पोच न आलेला डेटा पडून असेल तर पुनर्प्रेषणाचाच हिशोब चालतो. स्टेटमेंट टाइमआउटचाही नाही, कारण तो मोजतो डेटाबेस सर्व्हर, आणि सर्व्हरच गायब आहे. उपाय म्हणजे टीसीपी युजर टाइमआउट, म्हणजे पोच न आलेल्या डेटासाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा. पोस्टग्रेसच्या लायब्ररीत तो आवृत्ती १२ पासून कनेक्शनच्या ओळीतच देता येतो. आम्ही १० सेकंद ठेवला. पीजीबाउन्सरला (डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ) वेगळा द्यावा लागतो. कनेक्ट टाइमआउट ३ सेकंद आणि त्यावर ॲपच्या बाजूने प्रत्येक क्वेरीला मुदत. पहिल्या आठवड्यातला चौथा रकाना हाच होता.

गोठलेल्या सर्व्हिसेसवर भर पडली रिट्रायची, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांची. लोड बॅलन्सर तीनदा प्रयत्न करणार, सर्व्हिस तीनदा, डेटाबेसची लायब्ररी तीनदा: एका विनंतीच्या २७. आधीच धापा टाकणाऱ्या उरलेल्या दोन झोनवर हा मारा झाला. आता प्रयत्न फक्त एकाच थरात होतो, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जातं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक असतो, आणि एकूण रिट्राय मूळ विनंत्यांच्या १० टक्क्यांवर गेले की बंद.

आणि मॉनिटरिंग त्याच झोनमध्ये होतं. एसीएल लागू होताच सगळे आलेख कोरे झाले. कंटेनर इमेजची (पॉड ज्यावरून सुरू होतात त्या फाइल्स) कॅश आणि आत शिरायचं व्हीपीएनही तिथेच. ठरलेल्या अटींपैकी एक पूर्ण झाली म्हणून चाचणी १९ व्या मिनिटाला थांबवली. पूर्ववत करण्याची कमांड क्लाउडच्या कन्सोलवरून चालवता आली म्हणून बरं. ती व्हीपीएनच्या आतल्या मशीनवर ठेवली असती, तर वाटच उरली नसती.

आठवडा १४ ते १६: दुरुस्ती आणि पुन्हा

मॉनिटरिंगच्या दोन प्रती वेगळ्या झोनमध्ये, आणि "मॉनिटरिंग जिवंत आहे का" हे पाहणारी एक छोटी तपासणी रीजनच्या बाहेर. इमेज कॅश तिन्हीकडे. व्हीपीएनची दोन दारं. डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, ६० सेकंद होताच, पण काही प्रोग्राम एकदा मिळालेला पत्ता रीस्टार्टपर्यंत सोडत नव्हते, ते शोधून दुरुस्त केले.

दुसऱ्या चाचणीत लिखाण ४१ सेकंद थांबलं आणि वाचन १२ सेकंद अडखळलं. तुटणं निभावलं, पण परत येताना गडबड झाली. एसीएल उघडताच परतलेल्या झोनमधल्या सगळ्या सर्व्हिसेस एकदम डेटाबेसला जोडायला धावल्या, कॅश रिकामी असल्यामुळे प्रत्येक विनंती थेट डेटाबेसवर गेली, आणि चार मिनिटं प्रतिसाद मंदावला. आता परतणाऱ्या झोनला लोड बॅलन्सरमधून आधी १० टक्के वाटा, दर पाच मिनिटांनी वाढ, आणि पीजीबाउन्सरमध्ये प्रत्येक झोनसाठी कनेक्शनची कमाल संख्या ठरलेली. तिसरी चाचणी सर्वाधिक लोडच्या वेळी केली. लिखाण ४४ सेकंद थांबलं, झोन परत येताना काही जाणवलं नाही, आणि आधी-नंतरच्या नोंदी जुळवल्यावर एकही कमी भरली नाही.

मशीनचा खर्च दीडपटीऐवजी सुमारे १.३ पट झाला, कारण आधीच्या रचनेत काही मशीन गरजेपेक्षा मोठी होती आणि यादी करताना ती सापडली. झोनपार डेटाची ओळ बिलात नव्याने आली. तिच्यावर वेगळा अलर्ट लावला आहे, कारण एखादी नवी सर्व्हिस चुकीच्या झोनमधून वाचायला लागली तर ते आधी तिथेच दिसतं.

एका बाहेरच्या संस्थेकडे तिसऱ्या एनएटीचा पत्ता अजून नोंदवला गेलेला नाही. तोवर त्यांच्याकडे जाणारी वाहतूक दोनच झोनमधून जाते आणि रनबुकमध्ये (बिघाडात काय करायचं ते लिहिलेली वही) तशी लाल अक्षरांत नोंद आहे. पुढची चाचणी महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी आहे. या वेळी "ब" झोन बंद करायचा आहे, आणि डेटाबेसचा लीडर आदल्या दिवशी मुद्दाम तिथे हलवून ठेवायचा आहे.